गॉलवेतला ग्रीष्म

“हाय मेधा, मी वात आहे.”

नव्या वर्गाचा पहिला शनिवार असाच सुरू होतो. माणसं नाव-गाव सांगायच्या आधी दोष सांगतात. पहिली वात असली की दुसरी पित्त असते, आणि “म्हणून तर माझं नवऱ्याशी पटत नाही,” असं वर सांगते. एका वर्षी एका गृहस्थांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. ॲपने त्यांना त्रेसष्ट टक्के कफ ठरवलं होतं. उरलेल्या सदतीस टक्क्यांचं काय करायचं ते मी सांगावं, अशी त्यांची अपेक्षा होती. एक बाई कुत्रा घेऊन आल्या. कुत्र्याची प्रकृती कोणती, हे त्यांना लेखी हवं होतं. मी शांतपणे सांगते, की बाई गं, तू वात नाहीस, तू माणूस आहेस. वात तुझ्यात आहे, माझ्यात आहे, या कुत्र्यातही आहे. सगळे माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात. चहाच्या सुट्टीत मागून कुणीतरी म्हणतं, “आय ॲम सो वात टुडे.” मी कपाळाला हात लावते आणि बिस्किट उचलते.

परदेशात आयुर्वेद शिकवण्याचे अनुभव लिहा, असं संपादकबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात झेंडा रोवणं वगैरे काहीतरी असणार. मी कुठे काही रोवलेलं नाही. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अख्खा उन्हाळा वाया घालवला आणि त्याचं खापर माझ्या विद्यार्थिनीच्या डोक्यावर फोडलं. त्यापायी तिचं प्रमाणपत्र जाणार होतं. तेच सांगते.

माझं शिक्षण नागपूरचं. बीएएमएस, मग कायचिकित्सेत एमडी, मग आमच्या सरांच्या दवाखान्यात सहा वर्षं उमेदवारी. रोज साठ-सत्तर रुग्ण. मग लग्न झालं, नवऱ्याला आयर्लंडमध्ये, गॉलवेत, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि मी डिपेंडंट म्हणून आले. इथे माझी पदवी कागद म्हणून फार सुंदर दिसते, एवढंच. कामाचा विमा काढायला फोन केला तेव्हा पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, “कार्डावर ‘डॉक्टर’ लिहू नका हं. लोकांचा गैरसमज होईल.”

“कसला गैरसमज?”

“की तुम्ही डॉक्टर आहात.”

मी कार्डावर नुसतं ‘मेधा’ छापलं. आणि पुढची कित्येक वर्षं जो भेटेल त्याच्यापाशी हे गाऱ्हाणं गायलं. नवरा तर फोनचा प्रसंग सुरू झाला की उठून भांडी घासायला जायचा, त्यामुळे घरात तेवढा फायदा झाला.

आता धंद्याबद्दल थोडं. इथे आयुर्वेदाची सरकारी नोंदणी नाही. उद्या तुम्ही पाटी लावलीत तर कुणी अडवणार नाही. पण ज्यांना नीट काम करायचंय ते एखाद्या खासगी संस्थेत अभ्यासक्रम करतात. युरोपातलं एक मंडळ तो अभ्यासक्रम तपासतं, शेवटच्या परीक्षेला आपला परीक्षक नेमतं आणि प्रमाणपत्र देतं. ते असलं तर विमा मिळतो, आणि विमा असला तर खोली भाड्याने मिळते. आमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, महिन्यातून एक शनिवार-रविवार, चर्चच्या हॉलमध्ये. संस्था डेक्लनची. डेक्लन पूर्वी योग शिकवायचा. मनाने फार चांगला माणूस, फक्त वाद दिसला की तो खुर्च्या लावायला जातो.

आमच्या हातात साधनं किती? भस्मं नाहीत. काढे, गुट्या, आसवं बहुतेक नाहीत. कायद्यात बसत नाहीत. बस्ती-वमनाचं नाव काढलं तर डेक्लन पांढराफटक पडतो. तेल लावता येतं. पण एका वर्षी तेलाचे पंचे सिंकमध्ये पिळल्यामुळे हॉलचा नळ तुंबला, तेव्हापासून हॉलचा रखवालदार दाराशी उभा राहून बाटल्या मोजतो. मग राहिलं काय, तर आहार आणि विहार: काय खावं, कसं राहावं. त्यातही ऋतुचर्या, म्हणजे कोणत्या ऋतूत काय करावं आणि काय टाळावं. औषधाची सगळी भूक आम्ही ऋतुचर्येवर भागवतो. त्यामुळे माझं ऋतुचर्येचं हॅण्डआउट आमच्या वर्गाचा धर्मग्रंथच झालं होतं.

ते चाळीस पानांचं हॅण्डआउट म्हणजे सरांनी नागपुरात सांगितलेली टिपणं. मी त्यांचं ओळीला ओळ इंग्रजी केलं. ज्येष्ठ-आषाढाच्या जागी ‘मे मध्य ते जुलै मध्य’ असं घातलं, वर एक कमळ चिकटवलं आणि छापलं. पान चौदावर ग्रीष्म. दुपारी झोपावं. व्यायाम आणि कष्ट टाळावेत. गार पाण्याने स्नान करावं. खारट, आंबट, तिखट वर्ज्य. रात्रभर चांदण्यात ठेवून गार झालेलं दूध प्यावं. नागपुरात मे महिन्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दारांना खसाचे पडदे असतात, नळाचं पाणी चहाला चालेल इतकं तापतं. तिथे या पानातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

मोरीन आमच्याकडे आली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. तीस वर्षं तिने एका वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. नवरा गेला, मुलं ऑस्ट्रेलियात, तेव्हा म्हणाली, काहीतरी शिकावं. संस्कृत शब्द तिच्या तोंडात बसत नसत. ‘शिशिर’ म्हणताना ती दर वेळी डोळे मिटून घ्यायची. पण बाकीचे पंधरा जण इंटरनेटवरून काहीबाही वाचून माझ्याशी हुज्जत घालायचे तेव्हा मोरीन सांगितलेलं करायची. सकाळी उठून जीभ घासा म्हटलं, तर घासायची. मला अशी विद्यार्थिनी मनापासून आवडते. हे आता लिहिताना मला त्याचीच जरा भीती वाटते.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक रुग्ण वर्षभर सांभाळायचा असतो, सहाही ऋतू. त्याची वही ठेवायची, शेवटच्या पानावर शिक्षकाने शेरा मारून सही करायची आणि वही परीक्षकाकडे जायची. मोरीनने तिचा शेजारी निवडला. पॅकी, वय शहात्तर, लग्न न केलेला, थोडी गुरं, थोडी जमीन. अंगाने भरलेला, हालचालीने संथ, थंड ओलसर कातडीचा. कुणाही पहिल्या वर्षाच्या पोराने कफ म्हणून ओळखावा असा. गुडघे धरले होते आणि झोप लागत नव्हती.

आता इथला रुग्ण म्हणजे काय चीज आहे ते सांगते. नागपूरच्या दवाखान्यात “पोट साफ होतं का?” असं विचारलं की माणूस १९७० सालापासून सुरू करायचा. हातातलं पेन खाली ठेवायची वेळ यायची. इथे?

“भूक कशी आहे?”

“ग्रँड.”

“पोट?”

“ग्रँड.”

“झोप?”

“ग्रँड.”

झोप लागत नाही म्हणून आलेला माणूस! विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये पानंच्या पानं ‘ग्रँड’ने भरलेली असायची आणि मी लाल पेनाने ‘म्हणजे काय?’ असं लिहून लिहून थकायची. मोरीन प्रश्नच विचारत नसे. ती पॅकीच्या स्वयंपाकघरात जायची, त्याचे कप विसळायची, प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, लावायची, चहा करायची आणि बसून राहायची. दुसऱ्या कपाला पॅकी गुरांबद्दल बोलायचा, तिसऱ्याला स्वतःबद्दल. मी तिच्या वहीत शेरा मारला होता, ‘प्रश्नावली अपूर्ण’. तरी शरद गेला, हेमंत गेला, आणि गरम गरम जेवण, सुंठ, गुडघ्यांना तिळाचं तेल एवढ्यावर पॅकीला झोप लागायला लागली. वसंतात तो काठी घरी विसरून गुरांमागे गेला. ते पान मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. मोरीन मान खाली घालून लाल झाली होती.

मग सप्टेंबरात पूर्ण वह्या आल्या.

ग्रीष्माचं पान उघडलं आणि माझं डोकं फिरलं. रोज दुपारी दोन तास झोप. गार पाण्याने आंघोळ. गार दूध. जूनमध्ये छातीत कफ, जीपीकडून, म्हणजे गावातल्या डॉक्टरकडून, अँटिबायोटिक. गुडघे पुन्हा धरले. वजन वाढलं. रात्रीची झोप गेली. शेवटी एक ओळ होती: ‘या वर्षी बॉगवर गेला नाही.’ बॉग म्हणजे इकडची दलदलीची माळरानं, एवढं मला ठाऊक होतं. ती ओळ मी तशीच ओलांडून गेले.

वर्ग संपल्यावर मी मोरीनला थांबवलं. “हे काय केलंस तू? कफाच्या माणसाला दुपारची झोप? शहात्तर वर्षांच्या माणसाला गार पाण्याची आंघोळ, तीही इथे? तुला कुणी सांगितलं हे?”

मोरीनने पिशवीतून हॅण्डआउट काढलं. पानं वापरून वापरून मऊ झाली होती. “पान चौदा,” ती म्हणाली.

“ते मला दाखवू नकोस. मार्गदर्शक आहे ते. तारतम्य नावाची गोष्ट असते की नाही?”

“असते,” ती म्हणाली. “दूध मी अंगणात ठेवायची, मेधा. पहिले दोन दिवस मांजराने प्यायलं, मग वर ताटली ठेवली. चांदणं काही दिसलं नाही, पण दूध गार व्हायचं.”

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. आपण काम नीट केलं होतं, एवढंच तिला सांगायचं होतं. मला आणखी राग आला. मी शेवटच्या पानावर शेरा लिहिला: ‘विद्यार्थिनीने तारतम्य वापरलं नाही, रुग्णाला अपाय झाला.’ सही केली आणि वही पाठवून दिली.

दोन आठवड्यांत परीक्षकबाईंची मेल आली. बाई डच, तीन ओळींच्या वर लिहीत नाहीत. शिक्षिकेचा शेरा पाहता या विद्यार्थिनीला प्रमाणपत्र देता येणार नाही. हरकत असल्यास महिन्याभरात कळवावं. मी मेल दोनदा वाचली. मोरीनने गावातल्या औषधाच्या दुकानावरची खोली ठरवली होती. भिंतींना स्वतः फिकट पिवळा रंग दिला होता, त्याचे फोटो आम्हाला सगळ्यांना दाखवले होते. आता प्रमाणपत्र नाही म्हणजे विमा नाही, विमा नाही म्हणजे खोली नाही.

डेक्लनला फोन केला. तो म्हणाला, “वाईट झालं. पण शुअर, आत्ता कशाला हात घालायचा? मान्यतेची फेरतपासणी तोंडावर आलीय. पुढच्या वर्षी ते पान गुपचूप बदलू.” मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता.

घरी आले ती तणतणतच. पोळ्या लाटता लाटता माझं चालू होतं: या लोकांना सांगितलं तर नीट ऐकत नाहीत, आणि ऐकलं तर इतकं ऐकतात, की स्वतःचं डोकं वापरायला नको. मे महिन्यात गॉलवेत कसला आलाय ग्रीष्म, एवढंही कळू नये? आमची लेक बारा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं, आणि आईला ती इथल्या मुलांसारखं ‘मॅम’ म्हणते. ओट्याशी बसून ती सफरचंद खात होती.

“बट मॅम,” ती म्हणाली, “एव्हरी मे यू गो अँड टीच इट इन टू जंपर्स.”

पोळी तव्यावर जळली. खरंच होतं ते. दरवर्षी मे महिन्यात हॉलचा हीटर लावून, अंगात दोन स्वेटर घालून मी पान चौदा शिकवत होते. आणि माझ्यासमोर सोळा माणसं कोट घालून बसून लिहून घेत होती, की उन्हात फिरू नये. एकदा कुणीतरी विचारलंही होतं, की मेधा, इथे ग्रीष्म नक्की कधी असतो? मागच्या रांगेतून उत्तर आलं होतं, “गेल्या वर्षी मंगळवारी होता.” सगळे हसले, मीही हसले आणि पान उलटलं.

परीक्षकबाईंना मोरीनबद्दल चांगलं काही कळवता येईल का, म्हणून मी तिच्या जुन्या मेल्स शोधायला बसले. जूनमधली एक सापडली. ‘मेधा, पॅकी म्हणतो दिवसभर गारठल्यासारखं होतं. आमच्याकडे ग्रीष्म लागू होतो का? आणि त्याला बॉगवर जायचंय. जाऊ देऊ का?’

खाली माझं उत्तर होतं. ‘कृपया हॅण्डआउटप्रमाणे करा.’

मला ती दुपार आठवली. भाचीच्या लग्नाला नागपूरला गेले होते. कूलरसमोर खुर्ची ओढून, पाय बादलीत सोडून, पन्ह्याचा पेला हातात घेऊन मी ते उत्तर पाठवलं होतं. वर्षातले तेवढेच आठ दिवस मी जिथे होते तिथे पान चौदा खरं होतं. पॅकीचा प्रश्न मी गॉलवेचा म्हणून वाचलाच नव्हता. दुसऱ्या धड्यात मी शिकवते, की वैद्याने औषधाच्या आधी देश पाहावा. कोरडा जांगल देश वेगळा, पाणथळ आनूप देश वेगळा. दरवर्षी परीक्षेत विचारते. सगळ्यांना येतं. मोरीननेही बरोबर लिहिलं होतं, फक्त आनूपचं स्पेलिंग चुकलं म्हणून मी अर्धा मार्क कापला होता.

दुसऱ्या दिवशी मी मोरीनला गाठलं. “ती मेल तू परीक्षकबाईंना का दाखवली नाहीस? साधी गोष्ट होती.”

“तुझं नाव आलं असतं त्यात,” ती म्हणाली. “आणि तू शिक्षिका आहेस. मला वाटलं, तुला माहीत असणार.” मग म्हणाली, “पॅकीला भेटायला येतेस का? तू त्याला कधी पाहिलंच नाहीयेस.”

हे मात्र वर्मी लागलं. गॉलवेत आल्यापासून मी एकही रुग्ण तपासला नव्हता. डॉक्टर म्हणत नाहीत म्हणून रुसून बसले होते आणि वह्या तपासत होते.

पॅकीचं घर गॉलवेपासून तासभर आत. वाटेत मोरीनने मला बॉगबद्दल सांगितलं. दलदलीची काळी माती वसंतात यंत्राने कापून चौकोनी विटांसारखी पसरतात, तिला टर्फ म्हणतात. मे-जूनमध्ये माणसं वाकून एकेक वीट उलटतात, मग चार-पाच उभ्या टेकवून ठेवतात, म्हणजे वारा लागून वाळतात. आपल्याकडे गोवऱ्या रचतात तसंच. हिवाळाभराचं जळण. सगळे शेजारी मिळून करतात. फ्लास्कमध्ये चहा, सँडविच, गप्पा. पॅकी साध्या दिवशी आठवडाभरात चार माणसांशी बोलत नाही. जे काही बोलायचं ते तो त्या दोन आठवड्यांत बॉगवर बोलून घेतो.

“वयाच्या चौदाव्या वर्षापासून एक उन्हाळा चुकला नव्हता त्याचा,” मोरीन म्हणाली.

घराशेजारची पडवी रिकामी होती. कोपऱ्यात दुकानातून आणलेल्या जळणाच्या विटांचे प्लॅस्टिकचे गठ्ठे होते, त्यांच्यावर किमतीची चिठ्ठी तशीच होती. पॅकी दारात आला, टोपी काढली, आणि आत नेऊन मला चुलीजवळची खुर्ची दिली. मोरीनने कप विसळायला घेतले. मी तोंड उघडणार तर तिने मान हलवली. मग मीही गप्प बसले. एमडी कायचिकित्सा, सहा वर्षं उमेदवारी, आणि मी त्या दिवशी मोरीनकडून रुग्णासमोर कसं बसायचं ते शिकत होते.

दुसऱ्या कपाला मी विचारलं, “या वर्षी बॉगवर गेला नाहीत?”

“नाही. डॉक्टरांनी नको म्हटलं.”

मला आशा वाटली. छातीच्या कफासाठी तो जीपीकडे गेला होता; त्यांनीही मनाई केली असेल तर माझ्या डोक्यावरचं थोडं उतरलं असतं. “कोणत्या डॉक्टरांनी?”

पॅकीने कप धरलेला हात माझ्याकडे केला. “तुम्हीच की. मोरीनच्या डॉक्टर. गॉलवेच्या.” मग माझा चेहरा पाहून त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो घाईने म्हणाला, “पण ग्रँड होतं हो सगळं.”

या देशात मला पहिल्यांदा कुणी डॉक्टर म्हटलं ते असं. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी मी घरादाराचे कान खाल्ले, तो शब्द पॅकीने मला देऊनच टाकला होता. त्याने मला कधी पाहिलं नव्हतं, तरी माझ्या शब्दाखातर तो खिडकीतून शेजाऱ्यांचे ट्रॅक्टर जाताना बघत दुपारभर गादीवर पडून राहिला होता. मला लाज वाटली. फार वाटली. मोरीन पाठमोरी होती आणि तोच कप पुन्हा पुन्हा पुसत होती.

मी त्याची नाडी पाहिली. जीभ पाहिली, गुडघे दाबून पाहिले. हात आधी चाचपडले, मग आठवायला लागलं. निघताना त्याला सांगितलं, की चूक मोरीनची नव्हती, माझी होती. तो म्हणाला, “शुअर, चुका कुणाच्या होत नाहीत,” आणि मोरीनला गुरांबद्दल काहीतरी विचारायला लागला.

घरी येऊन मी परीक्षकबाईंना पत्र लिहिलं. पान चौदा माझं आहे, विद्यार्थिनीने शंका विचारली होती, माझं उत्तर सोबत जोडलं आहे, तारतम्य मी वापरलं नाही, माझा शेरा मागे घेते. डेक्लनला एक प्रत पाठवली. तो स्वतः घरी आला. बराच वेळ बसला. आमच्याकडे लावण्यासारख्या खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे शेवटी त्याला बोलावंच लागलं. “संस्थेचं काय होईल?” “माहीत नाही,” मी म्हणाले. तो चिडला होता, आणि त्याचं चुकत नव्हतं.

संस्थेची मान्यता टिकली, पण एक वर्षाच्या अटीवर. हॅण्डआउट मागे घ्यावं लागलं. मला वर्षभर कुणाचीही परीक्षा घेता येणार नव्हती. आणि मोरीनला मंडळाने सांगितलं, की एवढा एक ऋतू त्याच रुग्णासोबत पुन्हा करावा, शिक्षिकेने या वेळी प्रत्यक्ष हजर राहावं आणि शेवटच्या पानावर नवा शेरा द्यावा. पिवळ्या खोलीच्या मालकाने खोली तोवर राखून ठेवली. मोरीनने मला एवढंच सांगितलं, “म्हणजे अजून एक वर्ष तुझं ऐकायचं तर.” मग ती हसली.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी पॅकीच्या स्वयंपाकघरात बसून नवं पान चौदा लिहायला घेतलं. मी मुळातलं वाचायची, मोरीन खिडकीबाहेर बघून सांगायची, की मे महिन्यात इथे खरंच काय असतं: वारा, ओल, लांबलचक उजेड, अंग मोडेपर्यंत काम. माझे दर वाक्याला वाद. ती दर वेळी म्हणायची, “पॅकीला विचार.” पॅकी म्हणायचा, “ग्रँड.” मग आम्ही चहा करायचो आणि तिसऱ्या कपाची वाट बघायचो.

मे महिन्यात आम्ही बॉगवर गेलो. प्रत्यक्ष हजर राहायचं म्हणजे काठावर छत्री घेऊन उभं राहायचं, अशी माझी समजूत होती. कुणीतरी मला हातमोजे दिले. शेजारपाजारचे आठ-दहा जण होते. पॅकी रांगेच्या टोकाला होता. तो हळू होता, दर दहा विटांमागे उभा राहत होता, पण अखंड बोलत होता. गेल्या वर्षीचंही सगळं तुंबलेलं असणार. मोरीनने वही डब्याच्या पिशवीत ठेवली होती. चहाच्या वेळी ती माझ्यापुढे धरली आणि मी टर्फच्या ढिगावर ठेवून शेरा लिहिला: ‘विद्यार्थिनीने देश पाहिला, रुग्ण पाहिला. मला यात भर घालण्यासारखं काही नाही.’ सहीच्या शेजारी माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. मोरीनने वही घेतली, शाई वाळेपर्यंत वाऱ्यावर धरली आणि पिशवीत ठेवली.

चहानंतर पुन्हा वाकले. अर्ध्या तासात माझी कंबर गेली. अंगात दोन स्वेटर, वरून भुरभुर पाऊस. कमरेवर हात ठेवून सरळ झाले तर पॅकी दोन रांगा पलीकडून माझ्याकडेच बघत होता.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “तुम्ही जाऊन जरा झोपा. ग्रीष्म आहे.”